नाशिकच्या मोटारींतून सप्तशृंगगडावर

नाशिकांत जन्म घालविलेल्या मनुष्यानें यात्रेचें वर्णन लिहावयास बसावें, हें वाचकांस थोडें विचित्र वाटेल. यात्रेकरू बाहेरून आमच्याकडे येतात. आम्ही त्यांस रामकुंडाची वाट दाखवितों, काळारामाचें देऊळ कोणत्या अंगास आहे तें सांगतों, आणि पुनः आपल्या ओटीवर येऊन बसतों. गोदावरी पावलापाशीं असल्यामुळें पुण्य आपल्याकडे आपोआप चालत येतें, अशी आमची कांहींशी समजूत होऊन बसते. परिणाम असा होतो कीं, त्र्यंबकेश्वर अवघें २८ किलोमीटर असूनहि वर्षानुवर्षें तिकडे पाऊल वळत नाहीं. आणि वणीच्या सप्तशृंगीचें जें दर्शन खानदेशांतला शेतकरी चैत्रांत पायीं चालत येऊन घेतो, तें आम्हांला साठेक किलोमीटरवर असून 'पुढच्या वर्षीं' या सदरांत पडून राहतें.

आमच्या घरांत तें सदतीस वर्षें पडून राहिलें होतें. १९८६ सालीं माझा मुलगा दोन वर्षांचा असतांना विषमज्वरानें अंथरुणास खिळला. एके रात्रीं त्याची आशा सर्वांनीं सोडली, तेव्हां माझ्या थोरल्या बंधूंच्या पत्नी, आमच्या वहिनी, यांनीं देवापुढें निरांजन ठेवून सप्तशृंगीला नवस केला कीं, पोर उठून बसलें तर मी स्वतः गडावर येऊन ओटी भरीन. पोर उठून बसलें. परंतु पुढें बंधूंचें दीर्घ दुखणें निघालें, मग मुलांच्या परीक्षा, मग लग्नें, मग बाळंतपणें; आणि वहिनींना सवड झाली तेव्हां त्यांचे गुडघे गेले होते. गडाला सुमारें पांचशें पायऱ्या. "देवी रागावली नसेल हो भाऊजी," असें त्या म्हणत, "पण विसरलीहि नसेल."

२०१८ सालीं गडावर पायऱ्यांना पर्याय म्हणून रुळांवरून वर चढणारी ट्रॉली सुरू झाली आणि पायऱ्यांची अडचण दूर झाली. तरी एक अडचण राहिलीच. गडाच्या पायथ्यापर्यंत जावें कसें? बसची पायरी उंच. तिच्यावर वहिनींचें पाऊल चढेना. भाड्याची मोटार आणली तर ती इतकी बुटकी कीं, आंत शिरतांना कमरेंत आणि गुडघ्यांत एकदमच वाकावें लागे. दोनदां त्या मोटारीच्या दारापर्यंत येऊन परत फिरल्या. चढावेंहि लागूं नये आणि वाकावेंहि लागूं नये, अशी बैठक असलेलें वाहन हवें होतें. तें २०१९ च्या दसऱ्याला आमच्या दारीं आलें, आणि त्या वाहनाची कुळकथा सांगितल्यावांचून या यात्रेचा अर्थ वाचकांच्या ध्यानीं यावयाचा नाहीं.

महिंद्र मंडळीच्या या मोटारीचें नांव एक्सयूव्ही ३००. महिंद्रांचा व्यवसाय १९४५ सालीं लुधियानास 'महिंद्र अँड महंमद' या नांवानें सुरू झाला. त्यांतील भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढें गव्हर्नर-जनरल झाले, व १९४८ मध्यें मंडळीचें नांव 'महिंद्र अँड महिंद्र' असें झालें. १९४७ पासून त्यांनीं विलिस जीपचे भाग आणून त्या येथें जुळविण्यास प्रारंभ केला. त्यांचा नाशिकचा कारखाना सातपूरला आहे. बोलेरो आणि स्कॉर्पिओ याच कारखान्यांतून बाहेर पडूं लागल्या तेव्हांपासून नाशिकचें नांव द्राक्षें, चिवडा आणि नोटांचा छापखाना यांच्या जोडीस मोटारींमुळेंहि देशभर होऊं लागलें. १४ फेब्रुवारी २०१९ रोजीं बाजारांत आलेली ही एक्सयूव्ही ३०० हीहि सातपूरचीच. तिचा मूळ आराखडा मात्र कोरियांतील सँगयाँग मंडळीच्या टिव्होली या मोटारीचा. ती मंडळी त्या वेळीं महिंद्रांच्या ताब्यांत होती. टिव्होलीची लांबी चार मीटरहून अधिक होती, ती कमी करून आमच्याकडे ३,९९५ मिलिमीटर करण्यांत आली.

हे पांच मिलिमीटर वांचविण्याचें कारण मोठें मौजेचें आहे. आपल्या सरकारच्या करपद्धतींत चार मीटरांच्या आंत लांबी आणि डिझेलचें इंजिन १,५०० घनसेंटिमीटरांपर्यंत, अशी मोटार 'लहान' समजली जाते. आमच्या मोटारीचें इंजिन १,४९७ घनसेंटिमीटरांचें. लांबींत पांच आणि इंजिनांत तीन, एवढ्या फरकानें उत्तीर्ण! पस्तीस गुणांच्या रेषेवर बरोबर छत्तीस मिळविणारे विद्यार्थी मीं आयुष्यभर पाहिले. त्यांच्या हिशेबीपणाची आठवण मला येथें झाली. २०१९ मध्यें अशा डिझेल मोटारीवर २८ टक्के वस्तु व सेवा कर आणि वर ३ टक्के उपकर होता; मोठ्या मोटारीला यांहून पुष्कळ अधिक पडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींचा कर १८ टक्क्यांवर आला आहे. आमची मोटार मात्र त्यापूर्वींची. आम्हीं पूर्ण कर भरला.

आतां मुख्य गोष्ट. या मोटारीच्या चार पायऱ्या होत्या. सर्वांत खालची डब्ल्यू ४, आणि तिच्यावर डब्ल्यू ६, डब्ल्यू ८ व डब्ल्यू ८ ऑप्शनल. डिझेलमध्यें सर्वांत खालचीची प्रारंभींची किंमत ८ लाख ४९ हजार, तर सर्वांत वरचीची ११ लाख ९९ हजार. म्हणजे साडेतीन लाखांचें अंतर. वरच्या पायरीला छपरांत उघडणारी कांचेची खिडकी, सात एअरबॅगा, म्हणजे आपटल्यास क्षणांत फुगणाऱ्या हवेच्या उशा, आणि डाव्या-उजव्या बैठकीस निराळा गारवा देणारें यंत्र. खालच्या पायरीला दोन एअरबॅगा, साधें थंड हवेचें यंत्र, साधीं लोखंडी चाकें. परंतु इंजिन तेंच, गिअर तेच सहा, आणि ब्रेकच्या तबकड्या चारहि चाकांना.

आमचें घर एकत्र, नऊ माणसांचें. मोटार घेतली ती माझा मुलगा आणि माझा पुतण्या या दोघांनीं मिळून. पुतण्याची थोरली मुलगी त्याच वर्षीं औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत जाणार होती. दोघां भावांनीं एका रात्रीं ओटीवर बसून कागदावर आंकडे मांडले आणि ठरविलें कीं, खालची मोटार घ्यावी; जे साडेतीन लाख वरच्या मोटारीच्या खिडकींत गेले असते, ते मुलीच्या नांवें ठेवावे. मला विचारलें तेव्हां मीं मान हालविली. परंतु खरें सांगावयाचें तर मनांतून मला तें रुचलें नव्हतें. घ्यावयाची तर चांगली घ्यावी, नाहीं तर घेऊंच नये, असें माझें मत. शिक्षकाला वरचा नंबर आणि खालचा नंबर यांची जी खोड लागते, ती निवृत्तीनंतरहि सुटत नाहीं.

डिझेलविषयीं मात्र मीं स्वतः हिशेब केला. खालच्या पायरीच्या पेट्रोल मोटारीची किंमत ७ लाख ९० हजार. डिझेलला ५९ हजार अधिक. शिवाय आपल्या राज्यांत दहा लाखांच्या आंतील पेट्रोल मोटारीला ११ टक्के वाहनकर, डिझेलला १३. सर्व मिळून सुमारें ८२ हजारांचा बोजा. पुतण्या रोज सिन्नरास कामावर जाई. वर्षाला अठरा हजार किलोमीटर धरले. अधिकृत चांचणींत डिझेल मोटार लिटरला २० किलोमीटर, पेट्रोलची १७. आणि डिझेल त्या वेळीं लिटरमागें दहाएक रुपयांनीं स्वस्त. वर्षाकांठीं सुमारें एकवीस हजार वांचत, म्हणजे चार वर्षांत बोजा फिटला असता. गणित बरोबर होतें. परंतु २०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदी झाली, पुतण्या घरीं बसून काम करूं लागला, आणि माझीं चार वर्षें साडेपांच झालीं. उदाहरणांत रोगराईचा उल्लेख नव्हता, एवढेंच.

मोटार आली आणि लगोलग एका मुंजीला आम्ही तींतून गेलों. तेथें एका नातलगानें भोंवतीं फेरी मारून विचारलें, "खालचीच घेतलीत वाटतें?" मीं म्हटलें, "हो, तूर्त हीच." तें 'तूर्त' माझ्या तोंडून कसें आलें कोण जाणे. मुलगा शेजारीं उभा होता. तो कांहीं बोलला नाहीं. परंतु परत येतांना वाटभर कोणाशींच बोलला नाहीं.

यात्रा आणखी तीन वर्षें लांबली. पहिल्या हिवाळ्यांत वहिनींच्या गुडघ्यांवर उपचार चालले होते. मग टाळेबंदींत देवळें बंद झालीं. आणि २०२२ मध्यें मूर्तीच्या संवर्धनाच्या कामासाठीं गडावरील देऊळ कांहीं आठवडे बंद राहिलें. अखेर २०२३ च्या जानेवारींत एका मंगळवारीं पहाटे आम्ही निघालों. मोटार पांचांची, घर नऊ जणांचें. तेव्हां कोणीं जावें यावर आदल्या रात्रीं लहानशी सभा झाली. वहिनी, ज्याच्यासाठीं नवस तो माझा मुलगा, मी, माझी पत्नी आणि पुतण्याची धाकटी मुलगी, अशीं पांच ठरलीं. वहिनी मोटारीच्या दाराशीं आल्या, पाठमोऱ्या झाल्या, आणि घरच्या चौरंगावर बसावें तशा बैठकीवर टेकल्या. मग मुलानें त्यांचे पाय हळूच आंत घेतले. ना वांकणें, ना चढणें. "झालें?" त्यांनीं विचारलें. त्यांना विश्वासच वाटेना.

पंचवटींतून दिंडोरीच्या रस्त्यानें निघालें कीं, म्हसरूळला चांभारलेण्यांचा डोंगर लागतो. जैन बांधवांचें गजपंथ क्षेत्र तें हेंच. पुढें डाव्या अंगास रामशेजचा किल्ला धुक्यांतून डोकें वर काढतांना दिसला. तो उंचीनें विशेष नाहीं; रायगड-राजगडांच्या पंक्तींत त्याला कोणी बसविणार नाहीं. परंतु संभाजी महाराजांच्या काळीं, १६८२ पासून, औरंगजेबाच्या फौजेला या चिमुकल्या किल्ल्यानें वर्षानुवर्षें दाद दिली नाहीं. मीं नातीला ही हकीकत सांगितली. ती म्हणाली, "आजोबा, म्हणजे तो पण खालच्या मॉडेलचा किल्ला!" मुलगा आरशांतून माझ्याकडे पाहून हंसला. मुंजीच्या दिवसानंतर या विषयावर आम्हां दोघांत झालेला तो पहिला हास्यविनोद.

दिंडोरी तालुका म्हणजे द्राक्षांचें माहेर. जानेवारींत घड भरूं लागलेले असतात आणि शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे असतात. त्या दिवसांत एक अवकाळी पाऊस वर्षाची कमाई घेऊन जातो. रस्त्याच्या दुतर्फा कागदांत गुंडाळलेले घड, औषध फवारणारे ट्रॅक्टर, आणि मधून मधून टोमॅटोचे मांडव. वणीला चहा घेऊन आम्ही नांदुरीला पोंचलों. येथून गडाचा घाट सुरू होतो.

या घाटांत मला डिझेलचें मर्म कळलें. पेट्रोलच्या इंजिनांत हवा आणि इंधन यांचें मिश्रण विजेच्या ठिणगीनें पेटतें. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात कीं, ती दाबामुळेंच तापते, आणि त्या तप्त हवेंत तेल सोडलें कीं तें आपोआप पेट घेतें. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरानें १८९३ मध्यें या कल्पनेचें पेटंट घेतलें आणि १८९७ मध्यें आउग्सबुर्ग येथें असें इंजिन यशस्वी करून दाखविलें. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत अशा जातीचें एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविलें होतें, हें ऐकून आमच्या वहिनींना फार कौतुक वाटलें. बिचारा डिझेल मात्र १९१३ मध्यें इंग्लंडला जातांना आगबोटीवरून रात्रीं नाहींसा झाला. पुढें त्याचें प्रेतच समुद्रांत मिळालें.

या जातीच्या इंजिनाचा गुण असा कीं, तें हळू फिरत असतांनाच त्याचा जोर पूर्ण असतो. चाक पिळून फिरविण्याच्या या जोराला टॉर्क म्हणतात. आमच्या मोटारींत तो ३०० न्यूटन-मीटर, आणि तोहि इंजिन मिनिटास अवघे १,५०० फेरे घेत असतांनाच मिळूं लागतो. याच मोटारीच्या पेट्रोल इंजिनाचा २००. पेट्रोलचें इंजिन घोड्यासारखें, तें उधळल्यावर जोर दाखवितें. डिझेलचें बैलासारखें, जूं खांद्यावर पडतांच ओढूं लागतें. पांच माणसें, खणा-नारळांच्या पिशव्या, पाण्याची कळशी, एवढा भार घेऊन मोटार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्यें वळणामागून वळण कुरकुर न करतां चढली. अर्थात् बैलाच्या अंगची घाणहि यांत आहे. डिझेलच्या धुरांतील काजळी आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें फुप्फुसांस अपायकारक असतात. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत भारत-सहा हा कडक नियम लागू झाला, आणि त्याच सुमारास मारुतीसारख्या मोठ्या मंडळीनें डिझेलची मोटार करणेंच सोडलें. आमची मोटार त्या नियमापूर्वींची. म्हणून जवळच्या कामाला ती काढूं नये, असा दंडक मीं घरांत घातला आहे. भाजी आणावयास पाय आहेत.

गडावर पोंचतांच ट्रॉलींत बसून आम्ही कांहीं मिनिटांत देवळाशीं गेलों. देवीची मूर्ति कड्यांतच प्रकटलेली, सुमारें आठ फूट उंच, अठरा हातांची. पूर्वीं तिच्या अंगावर शेंदुराचीं पुटें पिढ्यान् पिढ्या चढलेलीं होतीं. २०२२ च्या कामांत तें कवच उतरलें आणि खालचें मूळ रूप प्रकट झालें. माझ्या लहानपणीं पाहिलेली देवी आणि ही देवी एकच, तरी डोळ्यांस निराळी. मान किंचित् एका बाजूस कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषि स्तुति म्हणत आणि देवी कान देऊन ऐके, अशी आख्यायिका आहे. मार्कंडेय पुराणांतील सप्तशतीचें पारायण मीं वर्षानुवर्षें केलें आहे. परंतु देवीच्या अठरा हातांतील आयुधें देवांनीं वर्गणीसारखीं दिलेलीं, शंकरानें त्रिशूळ, विष्णूनें चक्र, इंद्रानें वज्र, याचा अर्थ मला त्या दिवशीं घरगुती रीतीनें समजला. दोघां भावांनीं, दोघी जावांनीं, आपापल्या शिलकींतून जोडलेल्या त्या वाहनानेंच आमचा नवस येथवर आणला होता.

वहिनींनीं ओटी भरली. मग मुलाला पुढें ओढून म्हणाल्या, "हा तो." एवढेंच. एकोणचाळीस वर्षांचा पुरुष, डोक्यावरचे केंस विरळ झालेले, तो लहान मुलासारखा हात जोडून उभा राहिला. माझ्या पत्नीनें पदर डोळ्यांस लावला. सदतीस वर्षांचें ओझें उतरावयास अर्धें मिनिटहि लागलें नाहीं.

खालीं उतरून वाहनतळावर आलों, तों आमच्या मोटारीपाशीं एक मनुष्य उभा. पंचेचाळिशीचा, अंगानें बळकट. तो दाराच्या आणि पुढच्या पत्र्याच्या मधल्या फटींतून बोट वरून खालीं फिरवीत होता. मला संशय आला, मीं जरा चढ्या आवाजांत विचारलें, "काय पाहिजे?" त्यानें वळून पाहिलें आणि वांकून माझ्या पायांना हात लावला. "सर, ओळखलें नाहींत?"

नांव सांगितल्यावर ओळखलें. तीस वर्षांपूर्वीं शेवटच्या बांकावर बसणारा मुलगा. संस्कृतांत त्याला कधीं पंधराच्या वर गुण पडले नाहींत. दहावींत चांचणी परीक्षेनंतर त्याच्या प्रगतिपुस्तकांत मीं माझ्या हातानें शेरा लिहिला होता कीं, या विद्यार्थ्यास पुढें शिकविण्यांत अर्थ नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्याचा बाप शाळेच्या दाराशीं येऊन उभा राहिला होता. मीं त्याच्याशीं दोन शब्दहि बोललों नव्हतों. आणि हा निवाडा देणारा मी कोण? स्वतः मॅट्रिकच्या पुढें न गेलेला, पाठशाळेंत संस्कृत शिकलों म्हणून शिक्षक झालेला.

मुलगा आयटीआयला गेला, जोडकाम शिकला, आणि आतां मोटारीच्या कारखान्यांत, जेथें पत्र्यांचे सांगाडे जोडले जातात त्या विभागांत काम करीत होता. आपल्या आईला दर्शनास घेऊन आला होता. फटींतून बोट फिरविण्याची त्याला संवय. फट वर आणि खालीं सारखी आहे कीं नाहीं हें त्याचें बोट डोळ्यांआधीं सांगतें. "हीं दारें आमच्याकडचीं, सर," तो म्हणाला, "चांगलीं बसलीं आहेत."

मीं उगीचच म्हटलें, "ही सर्वांत खालची आहे."

तो हंसला. "खालची-वरची पुढें होते, सर. आमच्याकडे सांगाडा येतो तो एकच. वरच्या मोटारीला छपरांत खिडकी असते, तेवढें छप्पर निराळें. बाकी खांब तेच, तुळया त्याच, जोड तेच. मऊ बैठका आणि दिवे मागाहून चढतात. आपटल्यावर माणूस वांचतो तो प्रथम सांगाड्यामुळें."

मग त्यानें २०२० च्या जानेवारींत झालेल्या परीक्षेची हकीकत सांगितली. ती मीं पुढें स्वतः पडताळून पाहिली. ग्लोबल एनकॅप ही संस्था मोटारी मुद्दाम अडसरावर आपटून पाहते. तासास ६४ किलोमीटर वेगानें आपटलेल्या या मोटारीला मोठ्या माणसांच्या संरक्षणासाठीं १७ पैकीं १६.४२ गुण, म्हणजे पांच तारे मिळाले. मुलांच्या संरक्षणासाठीं ४९ पैकीं ३७.४४, म्हणजे चार तारे. आणि परीक्षेस बसविलेली मोटार दोन एअरबॅगांची होती. सात उशांची जादा तयारी करून ती परीक्षेस गेली नव्हती. मूळच्या बळावर गेली होती. जादा उशा निरुपयोगी असें मी म्हणत नाहीं. ज्याला परवडतील त्यानें त्या अवश्य घ्याव्या. परंतु आमचीं माणसें आम्हीं कच्च्या मोटारींत बसविलीं नाहींत, हें मला तीन वर्षें ठाऊक नव्हतें आणि माझ्या मुलाला ठाऊक होतें. त्यानें तें मला कधीं ऐकविलें नाहीं. मीं विचारलेंच नव्हतें.

मीं त्या विद्यार्थ्याला बाजूस घेतलें आणि त्या शेऱ्याची गोष्ट काढली. मला वाटलें, तो विसरला असेल. तो म्हणाला, "तुम्हीं खोटें लिहिलें नव्हतें, सर. मला खरेंच येत नव्हतें." थोडें थांबून म्हणाला, "बाबांना मात्र वाटलें, मला कांहींच येत नाहीं."

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. चार दशकें मीं काय येत नाहीं तेंच मोजलें. त्या मुलाच्या बोटांत असलेलें ज्ञान विचारणारा प्रश्न माझ्या कोणत्याहि प्रश्नपत्रिकेंत नव्हता. मीं म्हटलें, "चूक माझी होती. तुझ्या वडिलांना मीं थांबवून सांगावयास हवें होतें." तो गडबडून गेला. "असें नका म्हणूं, सर," असें म्हणून आईला हाक मारावयास वळला. त्याचे वडील दहा वर्षांपूर्वीं वारले होते, हें मला त्याच्या आईनें सांगितलें. तेव्हां माझी कबुली जेथें पोंचावयास हवी होती, तेथें ती आतां पोंचणार नव्हती. शिक्षकाच्या चुकीला दुरुस्तीचा दिवस नेमून दिलेला नसतो, आणि तो हुकला कीं हुकतो.

वहिनींनीं मात्र आपल्या रीतीनें व्यवहार पुरा केला. त्यांनीं प्रसादाचा नारळ फोडून अर्धी वाटी त्याच्या आईच्या पदरांत घातली आणि पुढच्या रविवारीं दोघांनाहि घरीं जेवावयास बोलाविलें. त्याप्रमाणें तीं आलीं. पुरणपोळी झाली. जेवतांना त्यानें नातीला 'रामः रामौ रामाः' प्रथमेपासून संबोधनापर्यंत धडाधड म्हणून दाखविलें, चतुर्थींत अडखळला, आणि सर्वांबरोबर स्वतःहि हंसला. मग उठून आमच्या मोटारीचें मागचें दार उघडून, मिटून, कान देऊन पाहिलें आणि माझ्या मुलाला बिजागरीला तेल कोठें द्यावें तें दाखविलें.

परतीच्या प्रवासाची नोंद माझ्या वहींत अशी आहे: एकंदर १२६ किलोमीटर, डिझेल सात लिटर व थोडें; घाट धरून लिटरला साडेसतरा. ही एक्सयूव्ही ३०० आतां होत नाहीं. २०२४ च्या एप्रिलमध्यें तिची जागा एक्सयूव्ही ३एक्सओ या मोटारीनें घेतली. तिच्या तर सर्वांत खालच्या पायरीलाहि सहा एअरबॅगा आहेत. पुतण्याची थोरली मुलगी शिकून औषधांच्या कारखान्यांत लागली. तिच्या नांवें ठेवलेल्या साडेतीन लाखांपैकीं शेवटचा हप्ता भरला, त्या दिवशीं मुलानें व पुतण्यानें ती पावती मला आणून दाखविली, आणि मीं ती दोनदां वाचली.

परवां एका लग्नांत पुनः कोणी विचारलें, "कोणती घेतलीत? वरची कां खालची?" मीं म्हटलें, "सर्वांत खालची." या वेळीं 'तूर्त' म्हटलें नाहीं.